उदाहरणादाखल ताईचा पत्ता

गाइडकाकाने उभं आयुष्य लिहिण्यात घालवलं आणि त्यातलं एक अक्षर कोणी वाचलं नाही. आधी मिक्सरच्या कंपनीत, मग पाण्याच्या पंपांच्या, मग शिलाई मशीनच्या. नवं यंत्र खोक्यातून काढताना लोक जी पातळ पुस्तिका आधी बाजूला फेकतात, ती लिहिणारा माणूस म्हणजे हा. कोणी तिच्यावर चहाचा कप ठेवतो, कोणी ती डुगडुगत्या टेबलाखाली सरकवतो. खुद्द बायकोने घरचा मिक्सर पुस्तिका न बघता लावला, झाकण छताला जाऊन आपटलं आणि अख्खं स्वयंपाकघर टोमॅटोने रंगलं. "चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलंय, आधी झाकण दाबून बसवा," काका म्हणाला. "मग चौथ्या पानालाच सांगा भिंती पुसायला," असं म्हणून तिने त्याच्या हातात फडकं दिलं. त्याने मुकाट्याने भिंती पुसल्या.

अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर वाचक मिळाले, तेव्हा तो थोडा चेकाळला, यात नवल ते काय!

नवी नोकरी संगणकाचे प्रोग्रॅम करणाऱ्या कंपनीत होती. काचेच्या भिंती, थंडगार हवा, आणि कानात काहीतरी खुपसून बसलेली सगळी तरुण मंडळी. तिथे एक साधन तयार होत होतं, त्याला ऑफिसात 'निरोप्या' म्हणत. हल्ली संगणकात एजंट असतात, म्हणजे माणसाने एकदा सांगितलं की आपणहून कामं उरकणारे बिनपगारी कारकून. काम झालं, अडलं, किंवा मालकाला काही विचारायचं असलं की या एजंटांनी निरोप्याच्या हातून ईमेल धाडायची. आता निरोप्या कसा वापरायचा हे त्या एजंटांना कोणीतरी नीट लिहून द्यायला हवं. ते काम काकाकडे आलं. अशा पुस्तिकेला ती मंडळी 'गाइड' म्हणत, म्हणून 'गाइडकाका' हे नावही त्यांनीच ठेवलं. आधीच्या तीन कंपन्यांत त्याला कोणी टोपणनाव ठेवण्याइतकंही ओळखत नव्हतं.

निरोप्याचा प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी, सगळे तिला चष्मेवाली म्हणत, पहिल्याच दिवशी त्याला म्हणाली, "काका, हे तुमच्या मिक्सरवाल्यांसारखे नाहीत. शब्द न् शब्द वाचतात. आणि लिहिलंय तस्संच करतात."

"तस्संच?"

"तस्संच. उदाहरण दिलंत की त्या उदाहरणाबरहुकूम."

त्या दिवशी काकाला डब्यातलं कारलंसुद्धा गोड लागलं. त्याने जीव ओतून लिहायला घेतलं. विषयाची ओळ कशी असावी, मजकूर किती असावा, एकाच गोष्टीसाठी दोनदा मेल धाडून माणसाचं डोकं का उठवू नये, सगळं. माणसाला 'गरज पडली तरच पाठवा' एवढं सांगून भागतं. एजंटाला गरज म्हणजे काय तेही सांगावं लागतं, आणि काकाने ते न कंटाळता सांगितलं. कॅन्टीनमध्ये भेटेल त्याला तो आपल्या वाचकांचं कौतुक ऐकवायचा, ऐकणारा ताट घेऊन हळूच दुसऱ्या टेबलाकडे सरकेपर्यंत.

उदाहरणांच्या बाबतीत या धंद्यात एक जुना नियम आहे. पत्ता द्यायचा तो खोटा. उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले पत्ते असतात, तिथे धाडलेली मेल कुठेच जात नाही. पण लिखाण चालू असताना उदाहरण खरोखर चालवून बघावं लागतं, आणि मेल पलीकडे पोचली का, कशी दिसते, हे सांगणारं कोणीतरी लागतं. ऑफिसात कोणाला त्यासाठी वेळ नव्हता. काकाने ताईला फोन लावला.

ताई त्याची थोरली बहीण. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, मेव्हणे जाऊन बरीच वर्षं झालेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहायची.

"घाल की माझा पत्ता," ती म्हणाली. "मला इथे कोण लिहितंय? विजेचं बिल आणि ढब्बू."

ढब्बू म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. तीस वर्षांचा बाप्या झाला तरी तिच्या लेखी ढब्बूच. त्याने मालवाहू जहाजावर, इंजिनाच्या खोलीत नोकरी धरली तेव्हा मायलेकांचं कडाक्याचं वाजलं. तो बॅग घेऊन दारात उभा असताना ताईच्या तोंडून निघून गेलं, "जातोयस ना? मग परत तोंड दाखवू नकोस." पोरगंही आईवरच गेलेलं. वर्ष उलटलं तरी त्याने ना फोन केला ना काही. मग त्याच्या जहाजाच्या मालकाचं दिवाळं निघालं, त्याने हात वर केले, आणि जहाज कुठल्याशा परक्या बंदरापासून लांब, भर पाण्यात नांगर टाकून पडून राहिलं. उतरायची परवानगी नाही, फोनला रेंज नाही. अशा अडकलेल्या खलाशांसाठी एक मदत कार्यालय होतं. तिथून पाळीपाळीने ज्याच्या त्याच्या चार ओळी ईमेलने घरी येत, आणि त्याच मेलखाली घरच्यांनी उत्तर लिहायचं. एका मेलला एक उत्तर, असा तिथला नियम. असा अडकला तेव्हा कुठे ढब्बू आईला लिहायला लागला. 'बरा आहे. आता मला ढब्बू म्हणता यायचं नाही, पॅन्ट दोरीने बांधतो.' ताई लिहायची, 'पाणी उकळून पी.' दारात जे झालं त्यावर मात्र दोघंही मूग गिळून बसलेले.

"तसलं काही लिहून मागे घेता येतं होय?" ताई काकाला म्हणायची. "समोर आला की त्याच्या तोंडावर सांगेन, चुकलं बाबा माझं. तेवढ्यासाठी तो घरी यायला हवा बघ. मग माझं काय व्हायचं ते होवो."

तर ताईचा पत्ता उदाहरणात बसला, आणि काकाच्या चाचणीच्या मेल तिच्याकडे जायला लागल्या. 'अहवाल तयार आहे.' लगेच फोन. "कसला रे अहवाल? आणि तुझ्या या निरोप्याला नमस्कार-बिमस्कार करायला शिकवलंयस की नाही?" काकाने उदाहरणात वर 'नमस्कार' घातला, खाली 'आपला विश्वासू' घातलं. ताई म्हणाली, आता कसा घरंदाज वाटतो.

पुस्तिका जगासाठी खुली करायच्या दिवशी साहेब मागे लागले होते तरी काकाने डोळ्यांत तेल घालून सगळं तपासलं. स्वल्पविरामसुद्धा सोडले नाहीत. सुटला तो फक्त ताईचा पत्ता. रोज बघून बघून त्याला तो पत्ता वाटेनासाच झाला होता, उदाहरणाचाच एक तुकडा वाटायचा. त्याच्या जागी खोटा पत्ता टाकायचा राहून गेला.

एजंटांचं मात्र काही राहून गेलं नाही. ज्याला ज्याला मालक पत्ता द्यायला विसरला, त्याने त्याने पुस्तिकेतलं उदाहरण होतं तसं उचललं. पहिले काही दिवस ताईला मजा वाटली. "अरे, कुठल्याशा गोदामातले पंखे संपलेत म्हणे. मी काय करू?" कोणाच्या कारखान्याचं तापमान वाढलं, कोणाची विमानाची तिकिटं निघाली, कोणाच्या कुत्र्याच्या लशीची तारीख आली, सगळं ताईला कळवलं जाऊ लागलं, नमस्कार आणि आपला विश्वासूसकट. मग मेलचा पाऊस लागला. आंघोळीला जाऊन येईपर्यंत पडदा भरलेला असायचा. त्या ढिगातून ढब्बूच्या चार ओळी शोधताना तिच्या नाकी नऊ यायला लागले.

"तुझे नमस्कार नको झालेत रे मला," ती फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली. "त्याचं एखादं पत्र यात बुडालं तर?"

काकाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तासाभरात पत्ता बदलला. पण तोवर पुस्तिकेच्या नकला कुठे कुठे जाऊन बसल्या होत्या, त्याचा पत्ता कोणालाच नव्हता. म्हणून त्याने पुस्तिकेत वरच, ठळक अक्षरांत एक सूचना टाकली. ताईचा पूर्ण पत्ता दिला आणि लिहिलं, या पत्त्यावर ईमेल पाठवू नये. माणसाने माणसासाठी लिहावं तसं लिहिलं आणि तिथेच घात झाला. 'नियम बदलला की संबंधित व्यक्तीला कळवावे' हेही त्याच पुस्तिकेत त्यानेच लिहून ठेवलं होतं, पुढच्या भागात. वाचक बिचारे शब्द न् शब्द वाचणारे. दुसऱ्या दिवशी ताईकडे जगभरातून मेल आल्या: 'नमस्कार. आपल्याला यापुढे ईमेल न पाठवण्याच्या सूचनेची नोंद घेतली आहे. आपला विश्वासू.' ज्यांनी आजवर तिला एकही मेल पाठवली नव्हती, त्यांनीसुद्धा इमानेइतबारे कळवलं. संध्याकाळपर्यंत ताईची मेलपेटी काठोकाठ भरली आणि येणारी प्रत्येक मेल बाहेरच्या बाहेर परत जाऊ लागली.

ऑफिसात यावर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकाने साहेबांचं टेबल गाठलं आणि हात जोडले. साहेब वयाने त्याच्या धाकट्या भावासारखे, मनाने वाईट नव्हते. "काका, एकाच पत्त्याचा प्रश्न आहे ना? मग निरोप्यालाच सांगून टाकू, या पत्त्यावर काहीही न्यायचं नाही." चष्मेवालीने तिथल्या तिथे पत्ता अडवला. काका अर्धा दिवस सुट्टी टाकून ताईकडे गेला, दोघांनी बसून मेलपेटी रिकामी केली, आणि मग पडदा तसाच कोरा राहिला. ताईने चहा टाकला. "सुटले बाई एकदाची," ती म्हणाली. काकाच्या जिवात जीव आला.

मग काहीच येईना.

ताईने आधी मनाची समजूत घातली, पाळी यायला वेळ लागत असेल. नंतर तिने फोनवर फोन लावायला सुरुवात केली. ढब्बूच्या शेवटच्या मेलला तिचं उत्तर केव्हाच देऊन झालं होतं, त्यामुळे आपणहून लिहायची सोय नव्हती. मदत कार्यालयाला फोन केला तर यंत्र बोलायचं: आपली चौकशी नोंदवली आहे, उत्तर ईमेलने कळवण्यात येईल. ती पुन्हा जाऊन कोऱ्या पडद्यासमोर बसायची. आवाज खोल गेला होता तिचा. "जहाजाचं काही बरंवाईट तर नसेल ना रे?" काका तिला म्हणायचा, तसलं काही असतं तर बातमी आली असती. पण रोज संध्याकाळी तो स्वतःही बंदरांच्या बातम्या चाळत बसायचा.

'उत्तर ईमेलने कळवण्यात येईल' हे वाक्य ताईने त्याला फोनवर शब्दाला शब्द म्हणून दाखवलं, तेव्हा काकाने ते तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. असं गुळगुळीत कोण बोलतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! तो उठून चष्मेवालीकडे गेला. "ताईच्या पत्त्यावर आपण काय काय अडवलं, ते बघता येईल का गं?"

तिने दाखवलं. गोदाम, कारखाना, तिकिटं, कुत्रा. ती खाली खाली सरकत गेली आणि थांबली. "काका, हे खलाशांचं कार्यालय... हेही निरोप्याच वापरतं."

ढब्बूच्याच ओळी होत्या. 'आई, मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. आम्हाला सोडणार असं ऐकतोय. सुटल्यावर घरी येऊ का? तू ये म्हणालीस तरच येईन.'

मागचं पत्र मेलपेटी भरली होती तेव्हाच परत गेलं असणार. आणि या पत्राला निरोप्याने कार्यालयाच्या एजंटाला जे उत्तर दिलं होतं, जे त्याने पुढे जसंच्या तसं जहाजावर पोचवलं होतं, ते खालीच होतं: 'या व्यक्तीने आपले निरोप घेण्यास नकार दिला आहे. कृपया पुन्हा पाठवू नये.'

ते वाक्य काकाचं होतं. चष्मेवालीने मुळात तिथे 'पत्ता अडवलेला आहे' एवढंच ठेवलं होतं, पण तेवढ्याने एजंट ऐकत नसत, पुन्हा पुन्हा पाठवत राहत. म्हणून काकाने शंकेला जागाच उरणार नाही असं वाक्य घडवून दिलं होतं, आणि साहेबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, लिहावं तर असं. चष्मेवाली त्याच्यासाठी पाणी आणायला धावली, तोवर त्याने फोन काढला होता.

कार्यालयाच्या यंत्राने दिलेला प्रत्येक पर्याय नाकारत, मिळेल ते बटण दाबत, तो एकदाचा एका हाडामांसाच्या माणसापर्यंत पोचला. म्हातारा असावा, बोलताना खोकत होता.

"ते जहाज? सुटलं की ते, गेल्या आठवड्यातच. सगळ्यांना उतरवलं, घरोघरी धाडलं."

"मग आमचा भाचा निघालाय? कधी पोचेल?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "हा तुमचा... नाही हो, हा घरी नाही गेला. इथेच दुसऱ्या जहाजावर लागला. घरून नको म्हणून आलंय, असं सांगत होता. गुणी मुलगा. सगळ्यांच्या बॅगा उतरवायला हाच पुढे."

"कुठलं जहाज? कोणत्या कंपनीचं?"

"ते आम्हाला कुठे कळतं? इथून उतरला की आमचा संबंध सुटतो. मी विचारलं होतं त्याला, घरी काही कळवू का म्हणून. नको म्हणाला, त्यांना त्रास होतो."

काकाने ऑफिसातून बस पकडली. वाटेत तो वाक्यं जुळवत होता, यातलं कुठलं आधी सांगावं, कुठलं जरा मऊ करून सांगावं, आणि उतरायचा थांबा येईपर्यंत त्याच्याकडे सांगण्याजोगं एकही वाक्य नव्हतं. ताईने दार उघडलं. गॅलरीत ढब्बूची जुनी गादी उन्हाला टाकलेली होती. त्याने चपलाही न काढता, उभ्या उभ्या, होतं तसं सगळं सांगून टाकलं.

ताई खुर्चीवर बसली. ती पदराच्या टोकाला पीळ घालायला लागली.

"नकार दिलाय, असं गेलं? माझ्या नावाने?"

"हो ताई."

"आणि त्याला ते खरं वाटलं."

काकाने आता कुठे चपला काढल्या.

"वाटणारच," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या आईच्या नावाने आलं असतं, तर तो पोरगा म्हणाला असता, छे, यंत्र बिघडलं असेल. माझ्या बाबतीत कशाला म्हणेल?"

"चूक माझी आहे, ताई. माझ्या मूर्खपणाने झालं हे सगळं. तू मला बोल, दोन थोबाडीत मार, पण..."

"तुला मारून तो येणार आहे का?" तिने पदर सोडला. "तो पत्ता मोकळा कर आधी."

"अगं पण ते सगळं परत सुरू होईल. अजून थांबलेलं नाही ते, आपण फक्त अडवलंय. पुन्हा पेटी भरेल, तुझा जीव नकोसा होईल. मी चाळणी लावून देतो, नको असलेलं बाहेरच्या बाहेर..."

"नाही!" एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. "चाळणी नको, काही नको. नवं जहाज, नवी कंपनी, तो कोणाच्या हातून लिहील आणि कशा तऱ्हेने लिहील, तुझ्या चाळणीला काय ठाऊक? फोन तो करायचा नाही, मी ओळखते त्याला. लिहिलंच कधी तर इथेच लिहील. येऊ देत सगळं. भरली की मी रिकामी करेन, एकेक वाचून."

काकाने चष्मेवालीला फोन करून पत्ता मोकळा करायला सांगितला. तिने दोनदा विचारलं, नक्की ना? ताईने संगणकासमोर खुर्ची ओढली, चष्मा पुसून लावला. थोड्याच वेळात पहिली मेल आली, तिच्यापाठोपाठ दुसरी, मग मोजणं सोडावं इतक्या. 'नमस्कार. आपले काम पूर्ण झाले आहे.' ताईने ती वरपासून खाली, आपला विश्वासूपर्यंत वाचली आणि काढून टाकली. दुसरी उघडली. काका तिच्या खांद्यामागे उभा राहून पाहत होता, ओठ हलत होते त्याचे. तिची प्रत्येक ओळ वाचून संपेपर्यंत खाली आणखी दहा येऊन बसत होत्या.

"ताई, अर्ध्या मी वाचतो."

"नको. तुझ्या नजरेतून सुटतं," ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "सरक जरा, उजेड अडतोय."